ओटीखालचं कुत्रं

ठक, ठक, ठक.

"जयरामा, बघ रे. खाली कुत्रां शिरलां."

सासूबाईंची काठी ओटीच्या फळ्यांवर आपटली आणि माझ्या शेजारी नुकतेच आडवे झालेले हे उठून बसले. उशी अजून धड चेपलीही नव्हती. मी पंख्यानं वारा घालत होते, तो हात तसाच हवेत राहिला.

"आत्ता तर पडलासा," मी म्हणाले. "कुत्रंच हाय न्हवं? जाईल आपल्या पावलानं."

"बघून येतो गं. नाहीतर आई ओरडत बसेल."

"बसू द्या की."

ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, दार उघडलं आणि गेले. खालून दोनदा "हाड्, हाड्" असं ऐकू आलं. मग पायऱ्या चढल्याचा आवाज, मग ओटीवर टेकल्याचा, आणि मग सुरू झाल्या मायलेकांच्या गप्पा. चहाची वेळ झाली तरी त्या काही संपल्या नाहीत. मी आत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि एकटीच स्वतःला वारा घालत बसले.

लग्नाला तेव्हा सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. मी आजऱ्याकडची, म्हणजे घाटावरची. आमच्याकडे घराची जमीन सारवलेली, खाली भरीव माती. सासरचं घर मात्र कोकणात, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उतारावर. मागचं स्वयंपाकघर जमिनीवर, पण पुढची ओटी आणि तिला लागून असलेली आमची खोली चिऱ्यांच्या खांबांवर उभी, आणि पायाखाली नुसत्या फळ्या. सासरे होड्या बांधणारे सुतार. त्यांनी घरालाही होडीसारखा तळ घातला आणि पुढे, हे शाळेत असतानाच, ते वारले. त्या फळ्यांखाली, पुढच्या बाजूनं माणूस वाकून आत जाईल एवढी पोकळी होती. सरपण तिथेच रचलेलं असायचं. ऊन तापलं की वाडीतली झाडून सगळी कुत्री गारव्याला तिथे येऊन पसरायची. कधी एखादी मांजर पिल्लं घालायची. एकदा घोरपड निघाली, तेव्हा मी दिवसभर खाटेवरून पाय खाली सोडला नव्हता.

ह्यांचा मासळीचा टेम्पो होता. कोंबडं आरवायच्या आधी निघायचं, बंदरावर मासळी भरायची, बाजारात पोचवायची आणि जेवायच्या वेळेला घरी. दिवस मावळला की ह्यांचे डोळे मिटायला लागत. घास हातात आणि मान छातीवर. अशा माणसाशी बायकोनं काय बोलावं? माझ्या वाट्याला नवरा यायचा तो दुपारी, जेवणानंतर आणि चहाच्या आधी. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता, आणि नेमकं तेव्हाच कुत्रं शिरायचं.

सासूबाई मला छळत होत्या असं कुणी समजू नये. माशाचा मधला तुकडा त्या न चुकता माझ्या ताटात टाकायच्या. मला "घाटीण" म्हणायच्या, पण म्हणताना हसायच्या. मी कढीत गूळ घातला तरी गुमान जेवायच्या. वाईट वागल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान माहेरी जाऊन सांगायला काही तरी मिळालं असतं. मला त्यांचे लाड नको होते, मला माझा नवरा हवा होता.

आणि ओटीवर त्या दोघांचं असं काही जमायचं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्याशी हे पुस्तकातल्यासारखं बोलायचे, शब्द निवडून, मास्तरांपुढे उभं राहिल्यासारखे. आईसमोर बसले की मालवणी सुटायची ती धो धो. त्यातलं अर्धं मला कळायचं नाही. कळायचं ते एवढंच, की दोघं हसतायत. एकदा मी चहा घेऊन गेले तर हसू थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं, जुनी गोष्ट," हे म्हणाले.

माझ्याशी ह्यांची जुनी गोष्ट एकही नव्हती. असणार कुठून? जुनं व्हायला आधी नवं काही घडावं लागतं, आणि ते घडायच्या आत काठी आपटायची.

ऑक्टोबरचं ऊन मी मी म्हणत होतं तेव्हाची गोष्ट. मी ठरवलं, आज त्या कुत्र्याचा निकालच लावायचा. हे जेवून खोलीत गेले. मी भांडी तशीच ठेवली, बादलीभर पाणी घेतलं आणि मागच्या दारानं वळसा घालून पुढे आले. येऊ दे कुत्रं, असं भिजवते की पुन्हा या घराचं नाव काढणार नाही. पदर खोचून मी ओटीखाली वाकले.

आत सरपण होतं, एक फुटकी टोपली होती, आणि टोपलीत आमचीच एक कोंबडी खुडूक होऊन बसली होती. कुत्रं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर वाडीतली सगळी कुत्री समोर शेजारीण जनाकाकूच्या गवताच्या उडवीच्या सावलीत झोपलेली. एकानंही कान हलवला नाही.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोक्यावर ठक, ठक, ठक. फळ्यांमधून धूळ गळली ती माझ्या केसात.

"जयरामा, बघ रे. कुत्रां शिरलां."

हे धावत खाली आले. मला तिथे बादली घेऊन उभी बघून थबकले.

"तू इथे काय करतेस?"

"कुत्रं हाकलाय आलते. कुठं हाय, दावा."

ह्यांनी वाकून आत पाहिलं. उडवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पळालं असेल." आणि त्या रिकाम्या पोकळीत तोंड घालून "हाड्, हाड्" केलं आणि वर निघून गेले.

मी कपाळावर हात मारला. इतका भोळा नवरा. आई सांगते कुत्रं आहे म्हणजे आहे. डोळ्यांनी दिसत नसलं तरी आहे. आणि म्हातारी एवढी पक्की, की माझ्या हक्काच्या वेळातून मुलाला रोज उचलून नेते आणि वर नाव कुत्र्याचं. ती बादली मी तुळशीत ओतली. भरलेली बादली परत आत न्यायची म्हणजे हरल्यासारखं वाटलं.

आता सासूला खोटं पाडावं, तर त्यात कुठल्या सुनेचं भलं झालंय? हे तिच्याच बाजूनं बोलले असते, आणि वाडीभर झालं असतं ते वेगळंच. तेव्हा मी दुसरी वाट धरली. रोज दुपारी, काठी आपटायच्या आत, मी ह्यांच्यामागे लागले.

"खालचं तोंड बंद करून टाका की एकदाचं. चिरे लावा, जाळी मारा."

"करू. सवड होऊ दे."

"आईंना किती तरास होतोय कुत्र्यांचा."

"हो, करू."

करू म्हणणारा माणूस कधी करत नाही हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळतं.

मग दिवाळी आली. पहिला दिवाळसण खरा माहेरी व्हायचा, पण चुलते वारल्यामुळे आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. त्यामुळे पाडव्याला मी सासरीच होते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी घालतो, हे सगळीकडे आहे. पण आमच्या सासरी नव्या नवरीच्या पहिल्या पाडव्याला आणखी एक रिवाज होता. ती मागेल ते नवऱ्यानं द्यायचं, आणि पुढची अमावस्या यायच्या आत द्यायचं. हे मला सासूबाईंनीच सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच्या पहिल्या पाडव्याला सासऱ्यांकडे काय मागितलं होतं? तर ही ओटी. दुपारी नवऱ्याबरोबर वाऱ्याला बसायला जागा पाहिजे म्हणून. म्हणजे ज्या फळ्यांवर रोज काठी आपटायची त्या फळ्यासुद्धा त्यांच्या ओवाळणीच्या.

हे पाटावर बसले. सासूबाई बाजूला, आणि जनाकाकू फराळाचं ताट द्यायला आलेली, ती आयतीच साक्षीला. मी ओवाळलं.

"माग," हे म्हणाले. "काय हवं ते माग."

"साडी मागतली," सासूबाई जनाकाकूला म्हणाल्या. "परवा बाजारात एक बघून ठेवल्यान हा. हिरवी."

साडी मी खरंच बघून ठेवली होती. हिरवी, मोरपिशी काठांची. तिच्याकडे पाठ फिरवून मी म्हणाले, "मला काय नको. घराखालचं तोंड तेवढं बंद करा. आईंना त्या कुत्र्यांचा लई तरास होतोय. दुपारचं जरा पडावं म्हटलं तर ती मेली सुखानं बसू देत न्हाईत त्यांना."

बोलताना माझे डोळे सासूबाईंवर होते. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय बोलणार? रोज कुत्र्याच्या नावानं ओरडणाऱ्या त्याच. नको म्हणायची सोयच नव्हती.

"ऐकलंस गो?" जनाकाकू त्यांना म्हणाली. "स्वतासाठी कायच नाय मागूक. सासयेची काळजी बघ केवढी. नशीब काढलंस."

"शाणी आसा," सासूबाई म्हणाल्या. "माझी सून लय शाणी आसा."

त्यांना सगळं कळलं होतं. मलाही कळलं की त्यांना कळलं आहे. मी वाकून पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात नेहमीपेक्षा जड होता.

हे मात्र थोडा वेळ तबकाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बरं."

दिलेला शब्द मोडायचा नसतो, त्यामुळे काम सुरू झालं. टेम्पोतून चिरे आले, जाळी आली. सरपण हलवलं. टोपलीतल्या कोंबडीला मी स्वतःच्या हातानं उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. तिनं माझ्या मनगटाला चोच मारली. गवंडी न लावता हे एकटेच दुपारी खाली बसून चिरे रचत होते. म्हणजे त्या दिवसांत माझ्या वाट्याचा दुपारचा नवरा गेलाच, पण मी म्हटलं, असू दे, पुढे वसूल होईल.

सासूबाई पायरीवर बसून बघायच्या.

"जयरामा, थोडी मोकळीक ठेव रे. वारो जावक नको? फळये कुजतले."

"जाळीतनं जातंय की वारं," मी म्हणाले.

"सरपाण काढूक दार व्हया."

"सरपण पडवीत ठेवू. मी आणीन."

"तू तर सगळ्याचो इचार करून ठेवलंस गो."

"तुमच्यासाठीच की, आई."

ह्यांनी मधे एकदा मान वर करून आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा चिऱ्याला थापी मारली. अमावस्या यायच्या आधी काम पुरं झालं. खाली दोन थर चिऱ्यांचे, वर खांबाखांबांत ताणून मारलेली जाळी. उंदीर शिरला असता तर देव जाणे, पण कुत्रं शिरायची काही बिशाद नव्हती. सगळ्या बाजूंनी फिरून मी ती हलवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवून खोलीत आले, आडवे झाले. मी शेजारी बसले. कान ओटीकडे. काठी आपटली नाही.

त्या दुपारी मी किती बोलले. माहेरची जत्रा सांगितली, धाकट्या भावानं शेजाऱ्याच्या म्हशीवर बसून काय घोळ घातला ते सांगितलं. हे "हूं" म्हणायचे. मधेच "मग?" म्हणायचे. मला वाटलं, होईल सवय. एवढे महिने कुणी शेजारी बसू दिलंय का माझ्या माणसाला.

त्याच्या पुढच्या दुपारीही काठी आपटली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाहेर सासूबाई एकट्या बसायच्या. तांदूळ निवडायचा सुपाचा आवाज यायचा, तो थांबला की काहीच ऐकू यायचं नाही. आणि इकडे हे छताच्या कौलांकडे बघत पडलेले. मी म्हशीची गोष्ट पुन्हा सांगितली, तरी ह्यांनी "ही परवा सांगितलीस" असं म्हटलं नाही. त्यावरून मला कळायचं ते कळलं. नवरा माझ्या खोलीत होता, माझ्या खाटेवर होता, आणि त्याचे कान बाहेर ओटीवर होते. पूर्वी तो उठून जायचा तेव्हा निदान चिडायला तरी जागा होती. आता शेजारी पडून राहिलेल्या माणसावर चिडायचं तरी कसं? चडफडत मी वारा घालत राहिले, आणि आतून मला त्या म्हातारीचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटायला लागला. ती काही न करता जिंकत होती.

आठवडा उलटला असेल. दुपारची वेळ. माझ्या माहेराहून पत्र आलं होतं ते मी वाचून दाखवत होते. हे एकाएकी उठून बसले.

"कुत्रं शिरलं वाटतं," हे म्हणाले.

मी वाचायची थांबले. बाहेर काठी आपटली नव्हती. कुणी हाक मारली नव्हती. खाली कसलाच आवाज नव्हता.

"कुठलं कुत्रं?" मी म्हणाले. "जाळी हाय की."

"फट राहिली असेल कुठे तरी."

"तुमीच मारलीया न्हवं? म्या सगळीकडनं हलवून बघितली."

"बघून येतो," हे म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्याकडे बघायचं टाळून ते दाराशी गेले आणि दार ओढून बाहेर पडले.

पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. मग खालून, मी मागून घेतलेल्या त्या बंद पोकळीसमोर उभं राहून, ह्यांनी दोनदा "हाड्, हाड्" केलं.

मी पत्र तसंच टाकून दाराच्या फटीशी जाऊन उभी राहिले. हे वर आले. सासूबाईंनी सूप बाजूला सरकवलं, बसायला जागा करून दिली. मग सासूबाईंनी विचारलं, "गेलां?"

"गेलां गे आये."

"मोठां होतां?"

"मोठां होतां," हे म्हणाले आणि आईच्या शेजारी मांडी घालून बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोळा नवरा होता तो फक्त माझ्या समजुतीतला. हा माणूस पहिल्या दिवसापासून जाणून होता. एकाही दुपारी तो कुत्र्यासाठी उठला नव्हता. आईला मुलाला "ये, बस" म्हणता येत नव्हतं, कारण मुलगा आता बायकोचा होता. मुलाला "आलो" म्हणता येत नव्हतं, कारण आत बायको वारा घालत होती. म्हणून दोघांनी मिळून एक कुत्रं पाळलं होतं, आणि मी ओवाळणी खर्च करून ते बाहेर काढायला निघाले होते. हिरवी साडी गेली ती गेलीच.

ओटीवर मालवणी सुरू झाली. कुठल्याशा होडीची गोष्ट होती. सासूबाई हसल्या, आठवडाभरात पहिल्यांदा. आणि हे हसले ते असे, की माझ्या म्हशीच्या गोष्टीला कधी हसले नव्हते.

मी डोक्यापासून पायापर्यंत पेटले. ज्या माणसाला माझ्या वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालंय हेसुद्धा तोंडावर सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो आईसाठी रिकाम्या जाळीपुढे उभा राहून खोटं ओरडतो. माझ्यासाठी कधी ओरडेल का असा? मला दुसरं काही सुचलं नाही. मी टाच उचलली आणि फळीवर जोरात आपटली.

ठक, ठक, ठक.

"अहो," मी आतून हाक मारली. "हिकडं बी शिरलंय बघा."

बाहेरचं बोलणं थांबलं. हे हाताचा टेकू घेऊन अर्धे उठले आणि तसेच राहिले. एकदा दाराकडे, एकदा आईकडे बघत.

"थंय खंयसून शिरतलां?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "जाळी मारून घेतलंस मा तू?"

मी दात ओठ खाल्ले. कुठून शिरेल, म्हणे! जाळी माझ्याच हट्टाची. पण पाय माझा होता, आणि फळ्या काही एकट्या त्यांच्या नव्हत्या. मी पुन्हा टाच आपटली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि पाय झिणझिणला तरी आपटत राहिले.

ओटीवर सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. काठी उचलली आणि तिच्या टोकानं ह्यांना ढोसलं.

"जा बाबा. त्येकाय हाकलून ये," त्या म्हणाल्या. "पण बेगीन ये."